नियम बदलले की चुरस का मरते, आणि मग परत कुठून येते

प्रश्न असा आहे: 'फॉर्म्युला वनमध्ये दर चार-पाच वर्षांनी नियम बदलतात. म्हणे शर्यती चुरशीच्या व्हाव्यात म्हणून. पण प्रत्येक मोठ्या बदलानंतर एकच टीम पळत सुटते. मग बदलतात कशाला? आणि २०२६ च्या नियमांकडून काय अपेक्षा ठेवायची?'

मी अकरा वर्षं इंग्लंडमध्ये मधल्या फळीतल्या एका टीमच्या एरोडायनॅमिक्स विभागात होते. टीमचं नाव विचारू नका. आता पुण्यात परतले आहे आणि कुणाच्या पगारावर नाही, त्यामुळे जरा मोकळेपणाने लिहिता येईल.

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. मोठा नियमबदल चुरस वाढवत नाही, मारतो. चुरस येते ती त्याच नियमांच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी, आणि नेमकं तेव्हाच नियम पुन्हा बदलायची वेळ झालेली असते.

सगळ्यात बोलकं उदाहरण जुनं आहे. ऑक्टोबर १९९७, स्पेनमधलं हेरेझ, हंगामातली शेवटची शर्यत. पात्रता फेरीत जॅक व्हिलनव्ह, मायकेल शूमाकर आणि हाइन्झ-हॅराल्ड फ्रेंत्झन या तिघांचीही वेळ १ मिनिट २१.०७२ सेकंद. हजाराव्या भागापर्यंत सारखी. ज्याने आधी नोंदवली तो पुढे, म्हणून व्हिलनव्हला पोल, म्हणजे शर्यत सुरू करायची पहिली जागा, मिळाली. त्यानंतरच्या हिवाळ्यात नियम बदलले: गाडीची रुंदी दोन मीटरवरून १.८ मीटर झाली आणि गुळगुळीत टायर जाऊन खाचांचे टायर आले. मार्च १९९८ मध्ये मेलबर्नला मॅक्लारेनच्या दोन गाड्या पहिल्या आणि दुसऱ्या आल्या. तिसऱ्या आलेल्या फ्रेंत्झनसकट बाकी सगळे एक फेरी मागे. या दोन शर्यतींमध्ये अंतर साडेचार महिन्यांचं. त्यातली बरीचशी माणसं तीच, कारखाने तेच.

असं का होतं? दहावीचा अभ्यासक्रम बदलतो तेव्हा काय होतं ते आठवा. पहिल्या वर्षी जुन्या प्रश्नपत्रिका निरुपयोगी, गाइडं बाजारात यायची असतात, शिक्षकही चाचपडत असतात. ज्या शाळेने सुट्टीतच नवं पुस्तक मिळवून शिकवायला घेतलं, तिची मुलं पुढे जातात. चौथ्या वर्षी सगळ्यांकडे तेच अपेक्षित प्रश्नसंच असतात, सगळे नव्वदच्या घरात असतात आणि पहिला नंबर पॉइंटातल्या आकड्याने ठरतो. शर्यतीच्या गाडीचंही तसंच आहे, फक्त इथे दुसऱ्याची उत्तरपत्रिका उघड्यावर दिसते. दर शर्यतीत टीमने नेमलेले फोटोग्राफर पिट लेनमध्ये, म्हणजे टीमच्या गॅरेजांसमोरच्या रस्त्यावर, उभे असतात आणि सोमवारी सकाळी समोरच्याच्या फ्लोअरच्या (गाडीच्या तळाच्या) कडेचे चाळीस फोटो आमच्या स्क्रीनवर असायचे. क्रेनने एखादी अपघातग्रस्त गाडी उचलली की तिचा तळ दिसतो. त्या दिवशी आमच्या विभागात कुणी जेवायला उठत नसे.

नवे नियम आले की शोधायला मोठमोठ्या गोष्टी उरलेल्या असतात, आणि ज्याला एक सापडली तो अर्ध्या सेकंदाने पुढे जातो. नियम जुने झाले की उरतात त्या हजाराव्या भागाच्या गोष्टी. पुढच्याची प्रगती आपोआप मंदावते आणि मागचे नक्कल करून जवळ येतात. एवढंच गणित आहे.

आता नियम 'वाचणे' म्हणजे काय, ते जवळून दाखवते, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की नियमावली म्हणजे काय करायचं याची यादी. ती असते काय करायचं नाही याची यादी. टीममध्ये एक-दोन माणसं अशी असतात की ती वकिलासारखी वाचतात. शब्द काय आहे ते पाहतात, लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते नाही.

२००९ चं उदाहरण घ्या. त्या वर्षी पुढचं विंग रुंद केलं, मागचं अरुंद आणि उंच केलं, डिफ्यूझर मागे आणि वर सरकवला. डिफ्यूझर म्हणजे गाडीच्या तळाचा मागचा वर चढणारा भाग, जो खालची हवा ओढून गाडीला जमिनीला चिकटवतो. हेतू हा की डाउनफोर्स, म्हणजे गाडीला जमिनीकडे दाबणारा हवेचा जोर, घटावा आणि मागच्या गाडीला पुढचीच्या जवळ राहता यावं. तेव्हा गाडीचा तळ दोन पातळ्यांचा असायचा, मधला पट्टा खाली आणि बाजूचे भाग त्याच्या ५० मिलिमीटर वर. नियमाचा आशय असा होता की खालून पाहिल्यावर दिसणारा पृष्ठभाग सलग असावा, त्यात भोक नको. ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्स या तीन टीमच्या माणसांना एकच गोष्ट दिसली: भोक या दोन पातळ्यांच्या मधल्या उभ्या भागात ठेवलं, तर खालून सरळ वर पाहताना ते दिसतच नाही. हवेला मात्र दिसतं. ती त्या झरोक्यातून वर जाते आणि वर आणखी एक डिफ्यूझर चालवते. बाकीच्यांनी तक्रार केली. एप्रिलमध्ये एफआयएच्या, म्हणजे या खेळाचे नियम करणाऱ्या जागतिक संस्थेच्या, अपील न्यायालयाने ती फेटाळली.

ब्रॉन म्हणजे आदल्या डिसेंबरात होंडाने सोडून दिलेली टीम. त्यांच्या जेन्सन बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या. पण त्यानंतर त्या वर्षी त्याने एकही जिंकली नाही! तोवर बाकीच्यांनी नक्कल केली होती. रेड बुलच्या मागच्या सस्पेन्शनची मांडणी त्या डिफ्यूझरच्या आड येत होती, तरी वर्षाच्या उत्तरार्धात त्यांची गाडी जास्त वेगवान होती. बटनने आधी साठवलेल्या गुणांवर जगज्जेतेपद राखलं. नवी नियमावली मिळवून देते ती ही सुरुवातीची शिदोरी. काही वेळा तेवढी पुरते.

२०१४ मध्ये मात्र शिदोरी संपलीच नाही. १.६ लिटरचं व्ही६ टर्बो हायब्रिड इंजिन आलं, शर्यतीला १०० किलो इंधनाची मर्यादा आली, आणि मर्सिडीजने १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या. २०१५ मध्ये पुन्हा १६, २०१६ मध्ये २१ पैकी १९. कारण साधं होतं. विंगची नक्कल फोटोवरून करता येते, इंजिनच्या आतली करता येत नाही. त्यात भर म्हणजे इंजिनातल्या सुधारणांवर 'टोकन'ची मर्यादा होती. खर्च वाचावा म्हणून आणलेल्या त्या मर्यादेने पुढच्याला पुढे आणि मागच्याला मागे गोठवून ठेवलं. हा माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतला सगळ्यात महागात पडलेला नियम. २०१७ मध्ये तो काढला.

२०२२ बद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण ते मी आतून पाहिलं.

गाडीच्या तळाखाली मोठे बोगदे देऊन डाउनफोर्स तिथून मिळवायचा, म्हणजे वरच्या पंखांचं काम कमी होईल आणि मागे सोडलेली हवा कमी गढूळ, म्हणजे कमी भोवऱ्यांची, असेल, ही कल्पना. आकडे खरोखर प्रभावी होते. आधीची गाडी दुसरीच्या दहा मीटर मागे असताना तिचा जवळजवळ निम्मा डाउनफोर्स जायचा, नव्या गाडीचा १८ टक्के जाईल, असं नियम तयार करणाऱ्यांनी सांगितलं होतं. आम्ही वर्षभर विंड टनेलमध्ये, म्हणजे छोट्या मॉडेलवर वारा सोडून पाहायच्या दालनात, नव्या गाडीचं मॉडेल फिरवलं. टनेलचेही नियम असतात: मॉडेल जास्तीत जास्त ६० टक्के आकाराचं, वाऱ्याचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८०. गाडी सरळ रस्त्यावर ३०० च्या पुढे जाते.

फेब्रुवारीत बार्सिलोनाला पहिली चाचणी. मी ट्रॅकवर नव्हते, कारखान्यातल्या स्क्रीनसमोर होते. तिथे गाडीची जमिनीपासूनची उंची एका रेषेने दिसते. वेग वाढला की डाउनफोर्सने गाडी दबते आणि ही रेषा मऊपणे खाली उतरते. त्या दिवशी ती उतरली आणि सरळ रस्त्याच्या टोकाकडे करवतीच्या दात्यांसारखी झाली. सेकंदाला पाच-सहा दाते. आधी वाटलं सेन्सर गेला. मग हेल्मेटच्या उंचीचा व्हिडिओ आला आणि त्यात ड्रायव्हरचं डोकं बैलगाडीत बसलेल्या माणसासारखं हलत होतं. गाडी दबते, तळ जमिनीला इतका जवळ येतो की खालचा प्रवाह तुटतो, डाउनफोर्स जातो, गाडी उठते, प्रवाह परत जोडला जातो, गाडी दबते. हे चक्र आमच्या टनेलमध्ये कधीच दिसलं नव्हतं, कारण तिथे मॉडेल अशी उसळी मारूच शकत नाही. शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी एवढंच म्हणाला की आपली नऊ महिन्यांची आकडेमोड आता एका खालच्या उंचीसाठी बरोबर आहे, जिथे आपण गाडी चालवूच शकत नाही.

तेच दुखणं त्या दिवशी बहुतेक सगळ्यांना होतं. फरक होता तो किती आणि किती लवकर उतरलं याचा. ज्यांची गाडी थोड्या उंचीवरही डाउनफोर्स देत होती, ते वाचले. रेड बुलने त्या वर्षी २२ पैकी १७ शर्यती जिंकल्या आणि २०२३ मध्ये २२ पैकी २१. सिंगापूरला फेरारीचा कार्लोस साइन्झ जिंकला नसता तर पाटी कोरी राहिली असती. म्हणजे 'चुरशीसाठी' आखलेल्या नियमांनी क्रीडाप्रकाराच्या इतिहासातला सगळ्यात एकतर्फी हंगाम दिला.

पण तिथेच थांबून निकाल देऊ नका. २०२४ मध्ये, नियम जवळपास तेच असताना, २४ शर्यतींत चार टीम जिंकल्या: रेड बुल ९, मॅक्लारेन ६, फेरारी ५, मर्सिडीज ४. सात ड्रायव्हरांनी प्रत्येकी दोन किंवा जास्त शर्यती जिंकल्या. मॅक्लारेनला १९९८ नंतर पहिल्यांदा कन्स्ट्रक्टर्सचं, म्हणजे टीमचं, विजेतेपद मिळालं. २०२५ च्या शेवटी मॅक्लारेनचा लँडो नॉरिस ४२३ गुणांवर आणि रेड बुलचा मॅक्स व्हर्स्टॅपन ४२१ वर. हे नियम बदलून झालेलं नाही. नियम तसेच ठेवून झालं.

तसेच ठेवून, आणि आणखी दोन गोष्टींच्या जोरावर. या दोन गोष्टींकडे प्रेक्षकांचं लक्ष फारसं जात नाही, कारण त्या गाडीवर दिसत नाहीत.

पहिली, खर्चाची मर्यादा. २०२१ पासून टीमला वर्षाला १४.५ कोटी डॉलरची कमाल मर्यादा आली. ड्रायव्हरांचे पगार, सगळ्यात वरच्या तीन जणांचे पगार, मार्केटिंग वगैरे वगळून. त्याआधी मोठ्या टीम याच्या दुपटीहून अधिक खर्च करत होत्या. तेव्हा मोठ्या टीमला चूक परवडायची. नवा फ्लोअर चालला नाही, तर पुढच्या आठवड्याला दुसरा. मर्यादेनंतर प्रत्येक फ्लोअरआधी हिशेब विभागाचा माणूस बैठकीत बसू लागला. आमच्यासारख्या टीमचं आयुष्य बदललं नाही, आम्ही तसेही तेवढ्यात भागवत होतो. मोठ्यांना आमची काटकसर शिकावी लागली, हे पाहताना बरं वाटलं हे कबूल करते.

दुसरी, विंड टनेलच्या वेळेचं उलटं वाटप. विजेत्या टीमला सगळ्यात कमी, शेवटच्या टीमला सगळ्यात जास्त. पाया आहे आठ-एक आठवड्यांच्या टप्प्यात ३२० फेऱ्या. २०२२ पासून पहिल्या क्रमांकाला त्याच्या ७० टक्के, दुसऱ्याला ७५, असं चढत दहाव्याला ११५. शाळेत हुशार मुलाला पुस्तक कमी वेळ द्यावं तसं हे वाटतं, आणि तत्त्व म्हणून मला ते सुरुवातीला पटलं नव्हतं. आज पटतं. रेड बुलने २०२१ मध्ये खर्चाची मर्यादा ओलांडली म्हणून ७० लाख डॉलर दंड आणि टनेलच्या वेळेत १० टक्के कपात झाली. त्यामुळे २०२३ ची सुरुवात त्यांच्याकडे ६३ टक्क्यांनी झाली, म्हणजे साधारण २०० फेऱ्या. आदल्या वर्षी पाचव्या आलेल्या मॅक्लारेनला ९० टक्के, म्हणजे २८८. तरी २०२३ रेड बुलने धुऊन नेलं आणि लोक म्हणाले, शिक्षेचा काय उपयोग? उपयोग असतो, पण उशिरा दिसतो. २०२३ ची गाडी मुख्यतः २०२२ मध्ये घडलेली होती. मॅक्लारेनने जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रियाला मोठा बदल आणला, मे २०२४ मध्ये मायामीला दुसरा, आणि तिथेच नॉरिस पहिली शर्यत जिंकला. आज टनेलमध्ये पेरलेलं शेतात उगवायला वर्ष-दीड वर्ष लागतं. श्रेय सगळं या वाटपाचं नाही, त्यांनी माणसं आणि टनेलही बदललं. पण हातभार निश्चित आहे.

मग 'सगळेच बदल वाईट' असं म्हणायचं का? नाही. छोटा, एकाच ठिकाणी बोट ठेवणारा बदल काही वेळा मोठ्या नियमावलीपेक्षा जास्त काम करतो. २००४ मध्ये फेरारीने १८ पैकी १५ शर्यती जिंकल्या. २००५ मध्ये नियम आला की पात्रता फेरी आणि शर्यत एकाच टायर-संचावर करायची. फेरारीची ताकद ब्रिजस्टोनच्या थोड्या वेळात जीव तोडून पळणाऱ्या टायरांत होती, मिशेलिनचे टायर टिकणारे होते. फेरारी त्या वर्षी एकच शर्यत जिंकली, तीही इंडियानापोलिसला, जिथे मिशेलिनच्या गाड्या सुरक्षिततेच्या कारणाने मागे फिरल्या आणि सहाच गाड्या धावल्या. २००६ मध्ये टायर बदलायला परवानगी परत आली आणि फेरारी नऊ जिंकली.

२०२१ चं आणखी गमतीचं. टायरवर ताण कमी यावा म्हणून मागच्या चाकापुढचा फ्लोअरचा कोपरा तिरका कापला. हेतू चुरशीचा नव्हताच. पण मर्सिडीज गाडी मागून फार न उचलता चालवायची, तिला हा काप जास्त लागला. रेड बुलची गाडी मागून उंच असायची, तिला कमी. एवढ्याने दोन्ही गाड्या बरोबरीला आल्या आणि अबू धाबीच्या शेवटच्या शर्यतीआधी मर्सिडीजचा हॅमिल्टन आणि रेड बुलचा व्हर्स्टॅपन दोघांचेही ३६९.५ गुण होते.

आणि नेम धरून मारलेला दगड दर वेळी लागतोच असंही नाही. २०२५ मध्ये स्पेनपासून पुढच्या विंगच्या लवचिकतेची चाचणी कडक केली, १५ मिलिमीटरऐवजी १० च लवलं पाहिजे. याने मॅक्लारेन खाली येईल असं पॅडॉकमध्ये, म्हणजे टीमच्या ट्रॅकवरच्या तळावर, बरेच जण छातीठोक सांगत होते. त्या शर्यतीत मॅक्लारेनचेच पियास्त्री पहिला, नॉरिस दुसरा.

एक गल्लत इथे सोडवायला हवी. 'चुरस' या शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी घालतो. गाड्यांचा वेग एकमेकांच्या जवळ असणं ही एक. मागच्या गाडीला पुढचीच्या मागे लागून ओलांडता येणं ही दुसरी. २०१७ मध्ये गाड्या पुन्हा दोन मीटर रुंद केल्या, टायर रुंद केले. फेरारी मर्सिडीजच्या जवळ आली, पण ओव्हरटेकिंग जवळपास निम्म्यावर आलं, कारण मागे सोडलेली हवा भयंकर गढूळ झाली. उलट २०२३ मध्ये मधल्या गाड्यांत भरपूर ओलांडाओलांडी होती, पहिला कोण ते मात्र शुक्रवारी माहीत असायचं. गंमत म्हणजे वेग फार जवळ आले की ओलांडणं अवघड होतं. दोन गाड्यांत एक दशांश सेकंदाचा फरक असेल, तर मागच्याने कशाच्या बळावर जायचं? २०२५ मध्ये बऱ्याच शर्यती शनिवारी पात्रता फेरीतच ठरल्यासारख्या वाटल्या, त्याचं हे एक कारण. शिवाय पहिल्या वर्षी २०२२ च्या गाड्या मागून नीट धावायच्या, पण टीमनी दर वर्षी डाउनफोर्स वाढवताना हवा पुन्हा गढूळ करत नेली. कुणी मुद्दाम केलं नाही. मागच्या गाडीला त्रास होऊ नये यासाठी टनेलमध्ये कुणाला गुण मिळत नाहीत, मलाही कधी मिळाले नाहीत.

नियम का बदलतात, याचं खरं उत्तर चुरशीत फार थोडं आहे. सुरक्षितता हे एक कारण. इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांना आत आणणं आणि टिकवणं हे त्याहून वजनदार. २०२६ चे नियम पाहा. विजेचा वाटा जवळपास निम्मा, बॅटरीवरची मोटर १२० किलोवॉटवरून ३५० वर, एक्झॉस्टच्या उष्णतेवर चालणारी गुंतागुंतीची मोटर रद्द, पूर्ण शाश्वत इंधन. या अटींवर आउडी आली, फोर्ड रेड बुलसोबत आली, जाणार म्हणून सांगितलेली होंडा थांबली. गाडी २०० मिलिमीटरने आखूड, १०० ने अरुंद, ३० किलोने हलकी झाली. ओलांडण्यासाठी मागचं विंग उघडणारी डीआरएस यंत्रणा जाऊन, सरळ रस्त्यावर दोन्ही विंग सपाट होऊ लागले. इंजिन आणि चेसिस (इंजिन सोडून बाकीची गाडी) दोन्ही एकाच वर्षी नवे. म्हणजे दोन्ही विषयांचा अभ्यासक्रम एकदम बदलला.

माझी अपेक्षा त्यामुळे तीच जी १९९८, २००९ आणि २०१४ ने शिकवली: सुरुवातीला फट मोठी, आणि ती कुठे आहे यावर सगळं अवलंबून. ती विंगमध्ये असेल तर दीड वर्षात भरते. इंजिनात असेल तर जास्त लागतं. या वेळी मात्र २०१४ ची चूक निदान कागदावर तरी टाळली आहे. मागे पडलेल्या इंजिन निर्मात्याला ठरावीक टप्प्यांवर सुधारणेची जादा मुभा आहे. आणि १ जानेवारी २०२५ च्या आधी कुणालाही २०२६ ची गाडी टनेलमध्ये फिरवायची परवानगी नव्हती, म्हणजे कुणी दोन वर्षं आधी सुरुवात करून बसलं असं हवेच्या बाबतीत तरी झालेलं नाही.

तुम्हाला स्वतः मोजायचं असेल तर जिंकलेल्या शर्यती मोजू नका. प्रत्येक शनिवारी पात्रता फेरीचा पहिला टप्पा, कोरडा असेल तर, पाहा आणि पहिल्या ते शेवटच्या गाडीतलं अंतर वहीत लिहा. २०२४-२५ मध्ये ते बऱ्याचदा एक-दीड सेकंदात असायचं. दुसरा रकाना एकच इंजिन वापरणाऱ्या टीमचा करा. मर्सिडीजचं इंजिन मर्सिडीजशिवाय मॅक्लारेन, विल्यम्स आणि अल्पाइनच्याही गाड्यांत आहे. या चार गाड्या एकत्र पुढे असतील तर फट इंजिनात आहे, त्यांच्यातच मोठं अंतर असेल तर चेसिसमध्ये. पाच-सहा शनिवारांत चित्र दिसायला लागेल. ओलसर ट्रॅकचे शनिवार तेवढे वगळा.